हिरव्या ठिपक्याची शांतता

निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं, तरी संध्याकाळचे सात वाजायला दहा मिनिटं कमी असली की मी अजून ताडकन उठून उभी राहते. चौदा वर्षं मी त्या वेळी रंगमंचामागच्या एका बंद दारापाशी उभी असायचे आणि मनात म्हणायचे, आज तरी कुणाचा घसा बसू नये. आता त्या वेळी मी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कोथिंबीर निवडत असते. युरोपातला कुठलाही गायक आजारी पडला तरी माझं काहीही अडत नाही. उठते, मग 'अगं, आता तुझा काही संबंध नाही' हे आठवतं आणि पुन्हा बसते. त्या क्षणी माझा चेहरा बघण्यासारखा होतो असं माझा नवरा म्हणतो.

मस्कतचं ऑपेरा हाऊस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संगमरवरातली ती मोठी देखणी वास्तू येते. ते आमचं नव्हे. आमचं सहाशे खुर्च्यांचं, एका खाजगी ट्रस्टचं, थोरल्याच्या सावलीत वाढलेलं धाकटं भावंड. छोटे ऑपेरा, वाद्यवृंद, अरबी गाणं, कधी नाच. आम्ही आपसात त्याला नुसतं 'हाऊस' म्हणायचो. मी तिथे कलासंचालक होते.

हे पद पुण्यातल्या नातेवाइकांना कधीच उमगलं नाही. एका मावसबहिणीची समजूत होती की मी तिथे गाते. माझं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना यातला विनोद कळेल. कलासंचालक गात नाही, वाजवत नाही, दिग्दर्शनही करत नाही. कुठल्या संध्याकाळी कुणी गायचं ते दोन वर्षं आधी ठरवायचं, शंभरातल्या नव्वदांना गोड शब्दांत नाही म्हणायचं, आणि ठरवलेलं बिघडलं की पडद्यापुढे येऊन लोकांना सांगायचं. आमच्या हाऊसमध्ये मी रंगमंचावर आले म्हणजे काहीतरी वाईट घडलंय हे पहिल्या रांगेतल्यांना पाठ झालं होतं. मी नुसती विंगेतून डोकावले तरी ते एकमेकांकडे बघायचे.

दोन वर्षं आधी ठरवायचं म्हटलं तरी इथे एक गंमत आहे. रमजानमध्ये हाऊस बंद. आणि रमजान कधी सुरू होणार ते चंद्र आदल्या संध्याकाळी सांगणार. त्यामुळे आम्ही दोन्ही बाजूंना चार-चार दिवस मोकळे सोडायचो. युरोपातल्या एका एजंटला हे काही केल्या पटेना. त्याच्या मंडळींना पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं, त्याला पक्की तारीख हवी होती. शेवटी त्याने विचारलं, याबाबत वरच्या कुणाशी बोलता येईल का? मी उत्तर पाठवलं, इन्शाल्ला. त्याने ते होकारार्थी घेतलं आणि विमानाची तिकिटं काढली. चंद्र त्या वर्षी आमच्या बाजूने वागला म्हणून निभावलं.

दुसरा धसका घशांचा. एका ऑपेरात नायिकेचा आवाज सकाळी नऊ वाजता गेला. बदली बाई दुबईहून गाडीने आल्या, त्यांना गाणं येत होतं पण त्या नाटकातल्या हालचाली येत नव्हत्या. अशा वेळी आमच्या धंद्यात एक मान्य तोड आहे. आजारी बाई रंगमंचावर नुसते ओठ हलवत अभिनय करते आणि दुसरी कडेला उभी राहून वही बघून गाते. प्रेक्षकांना आधी सांगायचं असतं, ते मी सांगितलं. तिसऱ्या अंकात नायिका पंधरा मिनिटं मरते. आमचे रंगमंचावरचे मुख्य सुतार तुकाराम परब, मूळचे कुडाळचे, माझ्या शेजारी विंगेत उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, ही बाई मरूक येवढो येळ कित्याक घेता? गाणारी तर ठणठणीत आसा."

हे सगळं आठवून आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. पण मला ज्या संध्याकाळबद्दल लिहायचंय तिचा घोटाळा चंद्राने केला नव्हता आणि घशानेही नाही. तो मी केला होता, चांगली सात वर्षं मेहनत घेऊन.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मस्कतला येण्याआधी अकरा वर्षं मी पुण्यात एका दैनिकात संगीत समीक्षा लिहायचे. लेखणी तिखट होती, आणि ती तिखट आहे हे मला कुणीतरी सांगितलं होतं. समीक्षकाचं वाटोळं व्हायला एवढं पुरतं. एका महोत्सवातल्या सकाळच्या सत्रात मी सांगलीच्या श्रीधरबुवा नाटेकरांचं गाणं ऐकलं. बुवा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. एके काळी त्यांचं गाणं ऐकायला मी दोन बस बदलून गेले होते. त्या सकाळी मात्र आवाज फुटत होता, वरचे सूर लागत नव्हते, दम पुरत नव्हता. मी घरी आले आणि लिहिलं, 'श्रीधरबुवांनी आता आठवणीत राहावं, समोर बसू नये.'

वाक्य गाजलं. लोकांनी मला ते पाठ म्हणून दाखवलं. मी वर्षभर त्या वाक्यावर खूश होते. मग कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं की त्या मैफलीच्या चारच महिने आधी बुवांच्या स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्यानंतर त्यांना फारशी बोलावणी आली नाहीत. पहिलं मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला मी किती कारणीभूत होते ते कधीच ठरवता आलं नाही, आणि न ठरवता आल्यामुळे ते टोचत राहिलं. लगेच नवऱ्याची बदली झाली, आम्ही मस्कतला आलो. मी इथल्या एका इंग्रजी पेपरात लिहू लागले, त्यातून हाऊसमध्ये गेले. बुवांचं नाव कुठे निघालं की मी विषय बदलायचे.

आता हिरव्या ठिपक्याची गोष्ट. हाऊसच्या पहिल्याच हंगामात एक पियानोवादक अगदी संथ, हलकं असं काही वाजवत असताना पाचव्या रांगेत फोन वाजला. वाजला तो वाजला, मालकाने तो घेतला. "हां, कॉन्सर्टमध्ये आहे. बोल." असं, शुद्ध मराठीत. पियानोवादक उठून आत गेला. मी पडद्यापुढे येऊन माफी मागितली, आणि त्या मराठीमुळे मला जी लाज वाटली ती सांगण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी मी सालिमला बोलावलं. सालिम ओमानीच, रुस्ताक गावचा. वय पन्नाशीचं, पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला घट्ट बांधलेला मसर, आणि चाल अशी की प्रेक्षक आपण होऊन बाजूला व्हायचे. दारावर आणि प्रेक्षागृहात उभे राहणारे सगळे लोक त्याच्या हाताखाली. हिंदी तो छान बोलायचा, मस्कतमध्ये बोलतात तशी. आम्ही दोघांनी मिळून नियम केला. त्याच्या माणसांकडे पेनाएवढी बॅटरी असेल. गाणं चालू असताना कुणी आवाज केला की त्याच्या गुडघ्यावर वाटाण्याएवढा हिरवा ठिपका पडेल. चेहऱ्यावर कधीच नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

सालिमने त्याची कला केली. चौदाव्या रांगेत खोकल्याची गोळी सोलणाऱ्या माणसाच्या नेमक्या उजव्या गुडघ्यावर तो बाल्कनीतून ठिपका ठेवायचा. तीन हंगामांत मस्कतचे प्रेक्षक असे शांत झाले की बाहेरून येणारे वादक आम्हाला त्याबद्दल मुद्दाम सांगायचे. मला त्याचा भलताच अभिमान होता. पुण्यातल्या नाट्यगृहांत प्लास्टिकच्या पिशव्यांची कुरकुर ऐकत अकरा वर्षं काढलेल्या बाईला शांततेची केवढी भूक असते ते विचारू नका.

या सात वर्षांत मी हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचा एकही कार्यक्रम ठेवला नाही. भारतीय नाच झाले, मिश्र वाद्यमेळ झाले, पण ख्याल नाही. मी मराठी, मी पुण्याची, आपल्या माणसांची वर्णी लावली असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी स्वतःच्या गाण्यावरच बंदी घातली होती. आठव्या हंगामात ट्रस्टनेच विचारलं की असं का? त्याच सुमारास पुण्यातल्या एका जुन्या श्रोत्याने मला एका घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण पाठवलं. श्रीधरबुवा गात होते, वय त्र्याहत्तर. पूर्वी ते काळी एक पट्टीत गायचे, आता तीन पायऱ्या खाली उतरून काळी पाचमध्ये. आवाज खरखरीत झाला होता. पण त्यात जे काही होतं ते मला कुठल्याही धडधाकट गळ्यात ऐकू आलं नव्हतं. मी ते तीनदा ऐकलं आणि फोन केला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"त्या लिहिणाऱ्या?"

"हो. पण हे लिहिण्यासाठी नाही. मस्कतला गायला याल का?"

पलीकडे त्यांनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाले, "हवा कशी असते तिकडे?"

"जानेवारीत छान असते."

"येतो मग."

त्या वाक्याचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि माझ्याही तोंडून निघाला नाही. ट्रस्टमधल्या एका गृहस्थांनी त्र्याहत्तर वय बघून भुवया उंचावल्या. मी म्हणाले, जबाबदारी माझी. मला काय हवं होतं ते मी स्वतःलाही नीट कबूल केलं नव्हतं. बुवा सहाशे लोकांसमोर बसावेत, गावेत, आणि माझं वाक्य खोटं पडावं. माझ्या देखत, माझ्याच हाऊसमध्ये.

बुवा आले ते तबलावादक आणि तंबोऱ्यावर बसणारी एक शिष्या यांना घेऊन. पाहुण्या कलाकारांच्या मागण्यांची यादी आमच्याकडे आधी येते. एका टेनर गायकाने एकदा खोलीत बारा हिरवी सफरचंदं मागितली होती, एकसारख्या आकाराची. बुवांच्या यादीत गरम पाण्याचा थर्मास होता, बस्स. किल्ला दाखवू का विचारलं तर म्हणाले, भाजीबाजार दाखवा. परब त्यांना अल मवालेहला घेऊन गेले. तिथून बुवा शेवग्याच्या शेंगा घेऊन माझ्या घरी आले आणि आमटी कशी करायची ते मला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. मला आमटी येते हे सांगायचं धाडस झालं नाही.

बुधवारी संध्याकाळी पाचशेच्या वर लोक आले. निम्मे आपले, मुंबई-पुण्याची नोकरदार कुटुंबं, साड्या, झब्बे, कंटाळा येणार हे आधीच ठरवून आलेली मुलं. बाकीचे नेहमीचे युरोपियन सभासद आणि ओमानी मंडळी. तिसऱ्या रांगेत दामलेकाका होते. बँकेतून निवृत्त झालेले, मुलीकडे राहणारे, आणि अख्ख्या सभागृहात ख्याल सर्वांत जास्त ऐकलेले.

बुवांनी मारवा सुरू केला. ज्यांना रागांची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मारव्यात षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, गवई फार वेळ टाळतो. त्याच्या आजूबाजूला फिरतो, त्याच्यापर्यंत येतो, वळतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आणि मग जेव्हा तो षड्ज लागतो तेव्हा सभागृहातून एक सुस्कारा निघतो. निघतोच.

मी कडेच्या छोट्या बॉक्समध्ये बसले होते, डोळे फक्त बुवांवर. बुवांनी पंधरा मिनिटं षड्जाला हुलकावणी दिली. खरखरीत आवाजात अशी बेचैनी होती की मी खुर्चीच्या कडेवर आले. मग त्यांनी तो लावला, सरळ, न थरथरता. माझ्या घशापर्यंत 'वा' आलं आणि कलासंचालकाने असं करायचं नसतं म्हणून मी ते गिळलं. खाली टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि मला, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय सुंदर प्रेक्षक आहेत आपले.

बुवांनी एकदा मान वर करून समोर पाहिलं. पुढची वीस मिनिटं ते गायले, पण गाणं आत आत जात राहिलं. तासाभराचा राग त्यांनी पस्तीस मिनिटांत मिटला. टाळ्या झाल्या, व्यवस्थित, नीटनेटक्या. मी घाबरले. दम संपला, मला वाटलं. त्या सकाळसारखंच झालं.

मध्यंतरात ग्रीन रूमच्या दाराशी परब उभे होते. "मॅडम, बुवा आता गाणा गावचे नाय म्हणतत. तंबोऱ्याक गवसणी घालूक सांगितल्यानी."

आत बुवा शाल पांघरून बसले होते. थकलेले दिसत नव्हते. शिष्या कोपऱ्यात डोळे पुसत होती.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतंत ते तेव्हा मला पटलं नव्हतं. राग आला होता. आज पटलं."

"बुवा, असं काय? इतकं सुंदर..."

"समजूत काढू नका. ती तुम्हाला जमत नाही, तो तुमचा गुण आहे. पन्नास वर्षं गातोय मी. सभागृहात चार टाळकी असली तरी षड्ज लागला की त्यातलं एखादं 'आहा' म्हणतं. झाडूवाला म्हणतो. इथे पाचशे माणसं बसलीत आणि एकाचा श्वास सुटला नाही. म्हणजे लागलाच नव्हता. मला वाटलं लागला. स्वतःला कळेनासं झालं की उठावं."

नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य आता माझ्याच हाऊसमध्ये, माझ्याच डोळ्यांदेखत खरं होत होतं. आणि षड्ज लागला होता. तो लागला होता हे मला ठाऊक होतं.

मी बाहेर आले तर सालिम मला शोधतच येत होता, प्रसन्न मुद्रेने. "मॅडम, आज इंडियन पब्लिक बहुत बोलता. पहले दस मिनट में चालीस बार बत्ती मारा. वो तीसरा लाइन का बुढ्ढा, हाथ से ऐसे-ऐसे गिनता, मुँह से बोलता. उसको छह बार मारा. अब खलास. सब चुप."

मी त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली. दामलेकाका मांडीवर ताल धरत होते, 'क्या बात' म्हणत होते, आणि दर वेळी त्यांच्या गुडघ्यावर हिरवा ठिपका पडत होता. माझा नियम, माझी बॅटरी. सात वर्षांत या सभागृहात ख्याल झाला नव्हता, आणि या गाण्यात ऐकणाऱ्याने बोलायचं असतं हे सालिमला सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आयुष्यभर ज्या दादेबद्दल लिहिलं तीच मी बंद करून टाकली होती.

मी त्याला सांगितलं. या गाण्यात श्रोता जवाब देतो, आणि तो मिळाला नाही की गवई खचतो.

सालिमच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता हळूहळू उतरली. "जवाब? जैसे हमारे यहाँ शादी में शायर को देते हैं?" रुस्ताककडे लग्नात कवी उभा राहून ओळ म्हणतो आणि जमलेले पुरुष एका सुरात उत्तर देतात, हे मी पाहिलं होतं. "जवाब नहीं मिले तो शायर घर चला जाता है, मॅडम. बेइज्जती है." मग म्हणाला, "आपने सात साल में कभी बोला नहीं."

बरोबर होतं त्याचं. मी त्याचा हात धरून त्याला ग्रीन रूममध्ये नेलं. ओमानी पुरुषाचा असा हात धरायचा नसतो, पण मला त्या क्षणी काही सुचत नव्हतं. बुवांपुढे बॅटरी ठेवली आणि सगळं सांगितलं. सभागृह मुकं नाही, मीच त्याचं तोंड बांधलंय.

बुवांनी बॅटरी उचलली, दाबली, स्वतःच्या तळहातावरचा ठिपका पाहिला. "छान आहे," ते म्हणाले. "पण बाई, तुम्हाला आता दुसरा भाग उरकायचाय, तिकिटं गेलीत. तुम्ही काहीही सांगाल."

ज्या माणसाला मी एकदा छापून 'बस करा' म्हटलं होतं त्याने माझ्या कौतुकावर विश्वास का ठेवावा?

सालिम पुढे आला. "बुवा साब, मुझे म्यूजिक नहीं आता. मेरा काम बत्ती का है. लेकिन एक जगह..." तो शब्द शोधत राहिला. "आप बहुत देर घर के बाहर-बाहर घूमा. दरवाजे तक आया, फिर चला गया. फिर आया, फिर गया. मैं सोचा, ये आदमी अंदर कब जाएगा? फिर आप अंदर आ गया. तब मेरे मुँह से निकल गया, 'अल्लाह'. मैं घबरा गया. रूल रूल है. मैंने बत्ती अपने ही पैर पर मारा."

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग तबलजींकडे वळून म्हणाले, "याला षड्ज कळला हो." आणि शिष्येला म्हणाले, "गवसणी काढ."

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला सुटका हा एकच शब्द आहे. मी खुर्चीत बसले आणि बुवांच्या थर्मासातलं गरम पाणी त्यांना न विचारता प्यायले.

पण काम संपलं नव्हतं. मी रंगमंचावर जाऊन लोकांना 'दाद द्या' असं सांगू शकले असते. बुवांनीच ते आधी ओळखलं. "तुम्ही बाहेर जाऊन काही बोलणार असाल तर मी येत नाही. मागून आणलेली दाद मला नको." सालिमने बाहेर जाऊन आपल्या सगळ्या माणसांच्या बॅटऱ्या गोळा केल्या आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसला. सात वर्षांत त्याला कार्यक्रम चालू असताना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बुवांनी केदार सुरू केला. सुंदर सुरुवात, आणि सभागृह पुन्हा गप्प. ठिपके गेले होते पण सवय कुठे गेली होती? पहिली सम, दाद द्यायची नेमकी जागा, आली आणि गेली. दुसरी गेली. दामलेकाका हात मांडीखाली दाबून बसले होते, ते मला वरून दिसत होतं. तिसऱ्या समेला बुवा मोठ्या वळणाने आले, आणि पहिल्या रांगेतून, न ओरडता, जेवताना कुणी बोलावं तितक्या साध्या आवाजात सालिम म्हणाला, "अल्लाह."

पाचशे माना तिकडे वळल्या. ज्याने सात वर्षं मस्कतला गप्प केलं तोच बोलला होता. दामलेकाकांनी मांडीखालचे हात काढले आणि त्या संध्याकाळी साठवून ठेवलेलं सगळं एका 'क्या बात है' मध्ये बाहेर काढलं. मग कुणी 'वा', कुणी 'आहा'. मागून एका ओमानी म्हाताऱ्याचं 'या सलाम'. कंटाळा येणार असं ठरवून आलेल्या मुलांतली एक मुलगी आईला विचारत होती, "आर वी अलाउड?" आणि आई म्हणाली, "हो गं, बोल."

बुवा सव्वा तास गायले. समीक्षक म्हणून सांगायला हवं की सगळंच उत्तम नव्हतं. वरच्या सप्तकात एकदा सूर हुकला. बुवा हसले, आणि त्याच सुराला खालून वळसा घालून असे काही गेले की लोकांनी हुकलेल्यालाच दाद दिली. मी बॉक्समध्ये रडत होते आणि 'वा' म्हणत होते, कलासंचालकाने करू नये ते सगळं करत होते.

दुसऱ्या दिवशी एका युरोपियन सभासदाचं पत्र आलं की नियमांचं काय झालं. मी माफी मागितली आणि नियम बदलला. पुढे असा कार्यक्रम असला की सालिम आपल्या माणसांना सांगायचा, आज जवाब का दिन है, बत्ती घर पे. खंत एकच आहे. भीड बाळगली नसती तर सात वर्षांत असे सात-आठ गवई मस्कतने ऐकले असते. त्यातले दोघं आता नाहीत.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाला बुवांना सोडायला मीच गेले. विमानतळाच्या दारात तंबोऱ्याची पेटी उतरवून ठेवली आणि मी म्हणाले, "बुवा, पुढच्या जानेवारीत पुन्हा या. मी आजच तारीख धरते."

"नाही," ते म्हणाले. "काल शेवटचं. आता समोर बसायचं नाही. घरी शिकवेन, गाईन."

माझा चेहरा पडला असणार. मी म्हणाले, "माझ्या त्या वाक्यामुळे का? बुवा, ते चुकीचं होतं. मला तुमच्या आजाराचं माहीत नव्हतं, मला..."

"चुकीचं कुठे? त्या सकाळी वाईटच गायलो होतो. तुम्ही ऐकलंत ते लिहिलंत." त्यांनी शाल सारखी केली. "थांबायचं तर मला तेव्हापासूनच होतं, बाई. दम पुरत नव्हता, प्रवास झेपत नव्हता. पण तुमच्या सांगण्यावरून थांबायचं नव्हतं. म्हणून नऊ वर्षं ओढलं. आता सुटलो."

शिष्येने पेटीला लावायची चिठ्ठी पुढे केली, तिच्यावर नाव लिहायचं राहिलं होतं. मी ती घेतली, पेन काढलं आणि त्यांचं पूर्ण नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून पेटीला बांधलं.

बुवांनी वाकून ते वाचलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाले, आणि आत गेले.